गोधड्यांचे गाव : जीज बेंड

अमेरिकेच्या दक्षिण भागात अलाबामा नावाचे राज्य आहे आणि त्याच नावाची एक संथ, रुंद नदी त्या राज्यातून वाहते. विल्कॉक्स परगण्यात शिरल्यावर ही नदी घोड्याच्या नालासारखे एक मोठे वळण घेते. या वळणाच्या कुशीत जी जमीन सापडली आहे, तिच्या तीन बाजूंना पाणी आहे आणि चौथ्या बाजूने बाहेरच्या जगाकडे जाणारी सडक आहे. नकाशावर या ठिकाणाचे नाव बॉयकिन असे छापलेले आढळते. १९४९ साली एका लोकप्रतिनिधीच्या आडनावावरून ते ठेवण्यात आले. परंतु तेथील लोकांच्या तोंडी अद्याप जुनेच नाव आहे : जीज बेंड. ‘जी’ हे एका जुन्या जमीनदाराचे आडनाव आणि ‘बेंड’ म्हणजे नदीचे वळण.

गाव लहान आहे. वस्ती काही शेकड्यांची, आणि जवळजवळ सर्वच रहिवासी आफ्रिकी वंशाचे. तेथे मोठी बाजारपेठ नाही, कारखाना नाही, आगगाडीचे स्थानक नाही. तरीही न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया अशा महानगरांतील नामांकित कलासंग्रहालयांत या गावच्या स्त्रियांच्या हातच्या वस्तू सन्मानाने जतन केलेल्या आहेत. या वस्तू म्हणजे सोन्यारुप्याचे दागिने नव्हेत, संगमरवरी पुतळे नव्हेत. त्या आहेत गोधड्या! जुन्यापान्या कपड्यांचे तुकडे जोडून शिवलेल्या, थंडीत पोरांच्या अंगावर घालण्यासाठी केलेल्या साध्या गोधड्या. आजीच्या लुगड्याची गोधडी अंगावर घेऊन ज्याचे बालपण गेले, त्या मराठी वाचकाला या गावाची ओळख करून घेताना परकेपणा वाटणार नाही.

परगण्याचे मुख्य ठिकाण कॅमडेन हे नदीच्या पलीकडच्या अंगाला आहे. कचेऱ्या तेथे, दुकाने तेथे, दवाखाना तेथे. कॅमडेनकडून जीज बेंडला जाण्याचे दोन मार्ग आहेत. एक सडकेचा. नदीला मोठा वळसा घालून सुमारे पासष्ट किलोमीटर अंतर तोडावे लागते आणि त्यात तासभर मोडतो. दुसरा मार्ग पाण्याचा. फेरीबोटीत मोटार चढवावी आणि पंधरा-वीस मिनिटांत पैलतीर गाठावा. ही बोट २०१९ सालापासून विजेवर चालते, त्यामुळे तिला धूर नाही आणि गडगडाटही नाही. पैलतीरी उतरल्यावर झाडी, मोकळी रानें, एकमेकांपासून दूर दूर असलेली बैठी घरे आणि साधी प्रार्थनामंदिरे दिसू लागतात. रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी मोठे रंगीत फलक उभे आहेत. त्यांवर जाहिराती नाहीत. गावातील प्रसिद्ध गोधड्यांचे नमुने रंगविलेले आहेत. गावाने आपल्या लेकींचा गौरव असा रस्त्यावर मांडला आहे.

पाण्याच्या वाटेचा हा सोपा प्रवास मात्र चव्वेचाळीस वर्षे या गावाला नाकारण्यात आला होता. ती हकीकत समजण्यासाठी थोडे मागे जावयास हवे.

१८१६ साली जोसेफ जी नावाचा जमीनदार उत्तर कॅरोलायनाहून येथे आला आणि त्याने गुलामांच्या कष्टावर कापसाची शेती उभी केली. पुढे १८४५ साली ही मालमत्ता कर्जाच्या फेडीत मार्क पेटवे या नातलगाकडे गेली. पेटवे कुटुंब येथे राहावयास आले, तेव्हा त्याच्याबरोबर सुमारे शंभर गुलाम उत्तर कॅरोलायनाहून शेकडो मैल पायी चालत आले, असे गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. १८६५ साली यादवी युद्ध संपले व गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. परंतु जमीन मालकाचीच राहिली. मुक्त झालेले लोक त्याच शेतांत कुळे म्हणून राबू लागले आणि त्यांतील बहुतेकांच्या नावापुढे धन्याचेच आडनाव राहिले. म्हणून आजही गावात पेटवे आडनावाची माणसे घरोघर भेटतात. त्यांपैकी पुष्कळांचे एकमेकांशी रक्ताचे नातेही नाही.

कुळांचा संसार कर्जावर चाले. बी-बियाणे, खत, पीठमीठ हे सारे कॅमडेनच्या व्यापाऱ्याकडून उधारीवर आणावयाचे आणि कापूस निघाला की फेडावयाचे. १९२०नंतर कापसाचे भाव कोसळले व कर्ज डोंगराएवढे झाले. १९३२ साली सावकार वारला आणि त्याच्या विधवेने सारी बाकी एकदम वसूल करण्याचे ठरविले. घोडेस्वार गावात शिरले. त्यांनी गुरे, कोंबड्या, अवजारे, गाड्या, साठवलेले धान्य, हाती लागेल ते उचलून नेले. तो हिवाळा गावाने अर्धपोटी काढला. रेडक्रॉसकडून आलेल्या पिठाने अनेकांचे प्राण वाचले.

अशा घरांत गोधडी ही हौसेची वस्तू नव्हती. लाकडी फळ्यांच्या भिंतींतून वारा आत येई. त्या फटी बुजविण्यासाठी भिंतींवर वर्तमानपत्रांचे कागद चिकटवीत आणि माणसांच्या अंगावर दोन-तीन गोधड्या एकावर एक घालीत. नवे कापड विकत घेण्याची ऐपत नव्हती. पिठाची व खताची रिकामी पोती, गुडघ्यावर विरलेल्या विजारी, बाह्या फाटलेले सदरे हाच कच्चा माल. कापसाच्या गिरणीत खाली सांडलेला कापूस गोळा करून, काठीने झोडपून, तो आत भरण्यासाठी घेत. गोधडी अगदीच चिंध्या झाली, तर तिलाही टाकून देत नसत. ती जाळून तिच्या धुराने डास पळवीत.

पण केवळ अंग झाकावयाचे असते, तर कोणतेही तुकडे कसेही जोडले असते तरी भागले असते. या बायांनी तसे केले नाही. तुकडे जमिनीवर किंवा बिछान्यावर मांडून त्या दुरून पाहत. निळ्याशेजारी तांबडा बसतो की तपकिरी, याचा विचार करीत. मन मानेपर्यंत पुन्हा मांडीत. मधला एक चौकोन घेऊन त्याच्याभोवती पट्ट्यांमागून पट्ट्या जोडीत गेले की जो नमुना तयार होतो, त्याला गावात ‘घराचे छप्पर’ म्हणतात. विटांच्या थरांसारखा दिसणारा, तो ‘गवंडी’. नुसत्या लांब उभ्या पट्ट्यांचा, तो ‘आळशी पोरगी’! आणि यांपैकी कशातच न बसणारी गोधडी जिने केली, ती सरळ सांगते, ही ‘माझ्या रीतीची’. सुरकुती असलेल्या कापडाची रेघ थोडी वाकडी गेली, तर त्या ती उसवीत नाहीत; पुढची रेघ तिच्याशी जुळवून घेतात. गावाबाहेरच्या कोणा शिक्षकाकडून हे शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. आई मुलीला शिकवी, आजी नातीला. तुकडे जोडण्याचे काम जी ती आपल्या घरी करी. पण अस्तर लावून टाके घालावयाची वेळ आली, म्हणजे शेजारणी एकत्र जमत, चौकटीभोवती बसत, भजने गात आणि एकीची गोधडी सर्वजणी मिळून पुरी करीत. उद्या दुसरीच्या घरी पाळी.

या गोधड्यांपैकी एकीची कथा विशेष हृदयस्पर्शी आहे. १९४२ साली मिसूरी पेटवे हिचा नवरा निवर्तला. तिने त्याचे शेतात राबताना घालावयाचे कपडे काढले, मुलगी आर्लोन्झिया हिला हाताशी घेतले, आणि त्या कपड्यांची गोधडी शिवली. विजारींचा विटलेला निळा रंग, सदऱ्यांचा करडा रंग, ठिगळ काढल्यावर खाली दिसणारा मूळ गडद चौकोन, सारे त्यात तसेच राहिले आहे. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेची ऊब अंगावर घेता यावी, एवढाच तिचा हेतू होता. आपल्याकडेही गेलेल्या माणसाच्या धोतराची वा लुगड्याची गोधडी करून लेकरांच्या अंगावर घालण्याची रीत घरोघर आहे. दुःखाचे असे वस्त्र करण्याची बुद्धी स्त्रियांना कोणत्या देशात सुचली आणि कोणत्या देशात सुचली नाही, हा प्रश्नच निरर्थक आहे.

गावाच्या इतिहासाला कलाटणी मिळाली ती १९३७ साली. मंदीच्या काळात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने येथील दहा हजार एकरांहून अधिक जमीन विकत घेतली आणि ती लहान लहान शेतांत विभागली. नवी घरे, शाळा, दुकान व कापसाची गिरणी उभी राहिली. आर्थर रॉथस्टाइन या सरकारी छायाचित्रकाराने त्याच वर्षी या गावाची चित्रे टिपली. पुढे १९४०नंतरच्या काळात सरकारने ही शेते स्वस्त व्याजाच्या कर्जावर कुळांनाच विकली. गुलामांची नातवंडे त्याच जमिनीची मालक झाली. दक्षिणेत ही गोष्ट असामान्य होती, आणि तिचे मोल वीस वर्षांनी कळून आले.

१९६०च्या दशकाच्या आरंभी विल्कॉक्स परगण्यात कृष्णवर्णी लोकांची बहुसंख्या होती. परंतु मतदारांच्या यादीत त्यांच्यापैकी एकाचेही नाव नव्हते. जीज बेंडचे लोक नाव नोंदविण्यासाठी फेरीबोटीने नदी ओलांडून कॅमडेनला जाऊ लागले. तेव्हा १९६२ साली फेरीबोटच बंद करण्यात आली! ज्याला कचेरीत जावयाचे असेल, त्याने आता पासष्ट किलोमीटर जावे. बहुतेकांकडे मोटार नव्हती. आजारी माणसाला दवाखाना दूर झाला, मुलांना बाजार दूर झाला. परंतु गावकऱ्यांना जमिनीवरून हाकलून देणे मात्र कोणाला शक्य झाले नाही, कारण जमीन त्यांची स्वतःची होती. १९५९ साली भारतात येऊन गांधीजींच्या भूमीचे दर्शन घेऊन गेलेले मार्टिन ल्यूथर किंग हे १९६५च्या फेब्रुवारीत जीज बेंडला आले आणि तेथील बॅप्टिस्ट प्रार्थनामंदिरात त्यांनी भाषण केले. त्याच वर्षी मतदानाच्या हक्काचा कायदा झाला. शेजारच्या गावांतील कुळांनी नावे नोंदविली, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांना घरादाराला मुकावे लागले.

नदीची वाट बंद झाली होती. परंतु गोधड्यांना वाट सापडली. १९६५च्या अखेरीस फ्रान्सिस वॉल्टर हे धर्मोपदेशक या भागातून जात असता त्यांना एका घराबाहेर दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या दिसल्या. त्यांनी या भागातील स्त्रियांकडून गोधड्या घेऊन न्यूयॉर्कमध्ये लिलावात विकल्या, आणि आलेल्या पैशाच्या पायावर १९६६च्या मार्चमध्ये ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’, म्हणजे स्वातंत्र्याचे शिवणमंडळ, ही सहकारी संस्था स्थापन झाली. साठांहून अधिक स्त्रिया तिच्या सभासद झाल्या. एस्टेल विदरस्पून या कर्तबगार बाईंनी कारभार अनेक वर्षे सांभाळला. आयुष्यभर दुसऱ्याच्या हिशेबाने जगलेल्या या स्त्रियांनी प्रथमच स्वतःचा हिशेब ठेवला.

सहकारी चळवळीशी परिचय असलेल्या भारतीय वाचकाने या संस्थेकडे मुद्दाम लक्ष द्यावे. केवळ नफा वाटून घेऊन ती थांबली नाही. तिने जमीन विकत घेतली आणि मतदानामुळे बेघर झालेल्या कुटुंबांना त्यातील तुकडे घरासाठी विकत दिले. १९६९ साली तिने शिवणकामासाठी स्वतःची इमारत उभारली. मुले सांभाळण्याची सोय केली, म्हणजे आयांना निश्चिंतपणे काम करता यावे. सीअर्स या मोठ्या व्यापारी पेढीने १९७२ साली कॉर्डरॉय कापडाच्या उशांच्या अभ्र्यांचे काम दिले. त्यातून उरलेले हिरवे, पिवळे, तपकिरी तुकडे बाया घरी नेत, आणि त्या जाडसर कापडातून काही अतिशय सुंदर गोधड्या जन्मास आल्या. मात्र या यशात एक खोच होती. दुकानांना शंभर अभ्रे शंभर वेळा सारखे हवे असत. आणि या स्त्रियांचे सारे कसब तर कोणतीही दोन कामे सारखी न करण्यात होते. पोटासाठी त्यांनी दुकानाचे काम केले आणि मनासाठी आपल्या रीतीची गोधडी शिवली. पुढे मागणी घटली, जुन्या सभासद थकल्या, आणि २०१२ साली संस्थेचे काम थांबले. तोपर्यंत कित्येक घरांतील मुलांचे शिक्षण तिच्या मजुरीवर झाले होते.

नदीने दिलेला आणखी एक आघात याच काळातला. १९६०च्या दशकाच्या अखेरीस खालच्या अंगाला मिलर्स फेरी येथे धरण झाले आणि गावाची पुष्कळशी सुपीक जमीन पाण्याखाली गेली. शेती आटली. तरुण मंडळी शहरांकडे निघून गेली. गोधड्या पेट्यांत, गाद्यांखाली, माळ्यावर पडून राहिल्या.

त्या पुन्हा उजेडात आल्या त्या विल्यम आर्नेट या संग्राहकामुळे. अ‍ॅनी मे यंग या बाईंची लाकडांच्या ढिगावर टाकलेली एक गोधडी त्यांनी पुस्तकातील छायाचित्रात पाहिली आणि तिचा शोध घेत ते गावात आले. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात जीज बेंडच्या गोधड्यांचे प्रदर्शन भरले आणि नंतर ते न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गेले. आधुनिक चित्रकारांनी कॅनव्हासवर जे साधले, ते या स्त्रियांनी पोत्यांवर व विजारींवर साधलेले पाहून समीक्षक थक्क झाले. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने या गोधड्यांची दहा तिकिटे काढली. ज्या गावची टपाल कचेरीच कोणाच्या खिजगणतीत नव्हती, त्या गावची कला देशभर पत्रांवर चिकटून फिरू लागली. २०१५ साली मेरी ली बेंडॉल्फ, लूसी मिंगो आणि लोरेटा पेटवे यांना लोककलांसाठीचा राष्ट्रीय सन्मान मिळाला.

परंतु कीर्तीबरोबर एक कठीण प्रश्नही आला. संग्रहालयात लागलेल्या गोधडीची किंमत हजारो डॉलर झाली; तिचे नमुने गालिचांवर व घरगुती वस्तूंवर छापून विकले जाऊ लागले. मग जिने ती शिवली, तिच्या हाती काय आले? २००३ साली स्त्रियांनी आपले स्वतःचे मंडळ स्थापन करून विक्री हाती घेतली. तरीही २००७ साली काहींना न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. दुसऱ्या वर्षी ती प्रकरणे मिटली. पुढे नमुन्यांवरील कलाकाराचा हक्क मान्य होऊन त्याचा मोबदला तिला मिळावा, अशी व्यवस्था अनेकींसाठी झाली. २०२१ सालापासून गावातील काही स्त्रिया संगणकाच्या साहाय्याने आपल्या गोधड्या स्वतःच्या नावाने आणि स्वतः ठरविलेल्या किमतीला थेट विकतात. हा बदल लहान दिसला तरी साधा नाही. ज्यांच्या पणज्यांना आडनावसुद्धा धन्याचे घ्यावे लागले, त्या आता वस्तूवर आपले नाव घालतात आणि दाम सांगतात.

येथे आपल्या देशातील एका गोष्टीचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचेही पूर्वज आफ्रिकेतून आले. पुष्कळांना गुलाम म्हणून गोव्याच्या बंदरात उतरविण्यात आले होते. या सिद्दी स्त्रिया जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात. कडेपासून आरंभ करून त्या आत आत टाके घालीत येतात, आणि चारही कोपऱ्यांवर कापडाची लहान घडीव ‘फुले’ लावतात. फुलांवाचून गोधडी उघडी दिसते, असे त्या मानतात. अलाबामातील बाई आणि हल्याळच्या रानातील बाई एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. परंतु ज्यांच्याकडून सर्व काही हिरावून घेतले गेले, त्यांनी उरलेल्या चिंध्यांतून घर उभे केले, हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

फेरीबोट २००६ साली पुन्हा सुरू झाली. चव्वेचाळीस वर्षांनंतर कॅमडेन पुन्हा जवळ आले. २०२२ सालापासून ऑक्टोबरमध्ये गावात गोधड्यांना ऊन दाखविण्याचा उत्सव भरतो. पूर्वी हिवाळ्यापूर्वी घरोघर गोधड्या बाहेर काढून दोरीवर टाकीत. तीच जुनी रीत आता सार्वजनिक झाली आहे. दूरदूरचे लोक बोटीने व सडकेने येतात. कुंपणावर, ओसरीवर, झाडांमध्ये बांधलेल्या दोऱ्यांवर शेकडो रंग वाऱ्यावर हलतात. गोधड्या करणाऱ्या स्त्रिया शेजारी बसलेल्या असतात, आणि पाहुण्यांना कोणता तुकडा कोणाच्या सदऱ्याचा, ते सांगतात.

या गावाला संपत्ती मिळाली, असे म्हणता यावयाचे नाही. विल्कॉक्स परगणा आजही गरीबच आहे आणि कामासाठी गाव सोडणारांची वाट थांबलेली नाही. पण अनेक गावे ज्या आघातांनी पुसली गेली असती, ते सोसून हे गाव टिकले. सावकाराने धान्य नेले, सत्तेने नाव बंद केली, धरणाने शेत नेले. शेजारणींनी एका चौकटीभोवती बसून टाके घालण्याची रीत मात्र कोणाला नेता आली नाही. संग्रहालयाच्या भिंतीवर या गोधड्या शोभतात, यात संशय नाही. तथापि त्यांचे खरे काम त्यांनी फार पूर्वीच केले होते. त्यांनी एका गावाला थंडीत एकत्र ठेवले.